टाक्यांच्या रेषेवर केस येत नाहीत, हे रुग्णाला आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेले काही आठवडे मेंदूच्या शस्त्रक्रियांवर मजकूर येत आहे. गाठी, अपघात, डोक्यात साचलेले पाणी, सरकारी योजनेत बसणारा आणि न बसणारा खर्च, सगळे त्यात आले. प्रत्येक लेखाचे कात्रण मी काढून ठेवले आहे. पण डोक्यावर छेद घेतल्यावर केसांचे काय होते, याबद्दल एक ओळही आली नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातून ‘न्हावी’ या पदावरून निवृत्त झालो. कक्षसेवक, सफाईगार, धोबी यांच्या रांगेतले गट ड मधले हे पद. ऑपरेशनच्या आधी रुग्णाचे केस काढून द्यायचे, हे काम. नोकरीतली बरीचशी वर्षे मेंदूच्या वॉर्डात गेली. आता गावी मुलाच्या सलूनमध्ये सकाळचा थोडा वेळ बसतो. डोक्याचे ऑपरेशन झालेली आसपासची माणसे तिथे केस कापायला येतात, त्यांतली काही तर मीच तयार केलेली असतात. त्यामुळे डोक्याची आधीची अवस्था आणि वर्ष-दोन वर्षांनंतरची, दोन्ही मला पाहायला मिळतात. सर्जनसाहेबांना टाके काढल्यावर, एखाद-दुसऱ्या तपासणीनंतर, ते डोके सहसा पुन्हा दिसत नाही.

वॉर्डात एक वाक्य नेहमी कानावर यायचे, ‘‘इथं जिवाची पडलीय आणि तू केसांचं काय घेऊन बसलीस?’’ असे बोलणारा डॉक्टरच असायचा असे नाही. बहुतेक वेळा घरातलेच मोठे माणूस सुनेला किंवा मुलीला दटावायचे. जीव आधी, हे मलाही मान्य आहे. पण जीव वाचला की माणसाला त्याच डोक्याने पुढची तीस-चाळीस वर्षे काढायची असतात, नोकरीच्या मुलाखतीला जायचे असते, लग्नाला उभे राहायचे असते. केसांचे विचारणाऱ्याला गप्प बसवू नये, त्याला खरे काय ते सांगावे, एवढेच माझे मागणे आहे.

आमच्याकडे एक कॉलेजात शिकणारी मुलगी आली होती. कानाच्या आत, नसेवर गाठ. छेद कानामागे, चार बोटांचा. वेणी कमरेपर्यंत. केस पेपरवर मात्र ‘संपूर्ण डोके’ असे लिहिलेले. तिच्या आईने मला विचारले, ‘‘दादा, सगळंच काढायला लागतंय का हो?’’ मी सिस्टरांना विचारले, सिस्टरांनी निवासी डॉक्टरांना निरोप दिला, ते दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. सकाळी आठची यादी. पेपरवर लिहिले ते झाले. वेणी मी न सोडता तशीच दोन्ही टोकांना बांधून कापली आणि आईच्या पदरात दिली. पुढे मोठे साहेब राउंडला आले तेव्हा म्हणाले, मला तळहाताएवढी जागा पुरली असती. ऑपरेशन उत्तम झाले. केसही परत आले. पण कानामागे एक उघडी पट्टी राहिली ती राहिलीच. बऱ्याच काळाने ती मुलगी वडिलांबरोबर दुकानात आली आणि म्हणाली, ‘‘काका, इथं केस येणार नाहीत हे मला कुणी सांगितलंच नाही. मी रोज रात्री तिथं बोट लावून बघत होते, आज आले का, आज आले का.’’ पट्टीपेक्षा हे वाट बघणे तिला जास्त छळून गेले. ते एका वाक्यात टळण्यासारखे होते.

केस काढणे आणि केस जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे रुग्णाला कुणी समजावत नाही. वस्तऱ्याने किंवा मशीनने काढलेला केस परत येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. कारण त्याचे मूळ खाली शाबूत असते. डोक्याच्या केसाचे मूळ कातडीच्या पृष्ठभागावर नसते, खाली चरबीच्या थरापर्यंत गेलेले असते. ते मूळच कापले गेले, भाजले गेले किंवा रक्त न मिळाल्याने मेले, तर तिथे नवा केस नाही. जखम भरून येताना मधली जागा व्रणाच्या पेशींनी भरते आणि त्या पेशींत केसांची मुळे नसतात, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथीही नसतात. म्हणून ती रेषा चकचकीत आणि कोरडी दिसते. जखम चांगली भरली तर रेषा दोन-तीन मिलिमीटरची राहते आणि आजूबाजूचे केस ती झाकून टाकतात. कातडीवर ताण राहिला, पू झाला किंवा त्याच रेषेवर दुसऱ्यांदा उघडावे लागले, तर ती बोटभर रुंद होते.

अपघाताच्या रुग्णांत हे फार दिसते. मोटारसायकलवरून पडलेला, हेल्मेट नसलेला तरुण. मेंदूला सूज आली की कवटीचे मोठे हाड काढून ठेवावे लागते, आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते त्याच रुग्णाच्या पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात, आणि काही महिन्यांनी परत बसवतात. त्यासाठीचा छेद प्रश्नचिन्हासारखा असतो. कानाच्या पुढून सुरू होतो, वर आणि मागे वळतो आणि डोक्याच्या मधून कपाळाच्या केसांपर्यंत येतो. हाड बसवताना तीच रेषा पुन्हा उघडतात. कानाच्या पुढे बोट ठेवले तर जी नाडी उडते, ती डोक्याच्या त्या भागाला रक्त पुरवते. ती शीर छेदात सापडली तर कडेचे कातडे अशक्त राहते आणि केस आणखी जातात. अशा माणसाला पहिल्या ऑपरेशनच्या वेळी काही सांगण्याची सवड नसते, तो बेशुद्धच असतो. पण हाड बसवायला तो स्वतःच्या पायांनी येतो. तेव्हा तरी सांगता येते.

केस वाचवण्यात सर्जनचा हात किती चालतो, हे मला एका साहेबांमुळे कळले. त्यांनी मला ऑपरेशन थिएटरच्या दारात बोलावून विचारले, ‘‘या बाईंचा भोवरा कुठं आहे? या जागेवर केस कुठल्या बाजूला झुकलेत?’’ आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षात शिकवतात. भोवऱ्यापासून केस फिरतात, टाळूवर पुढे झुकतात, बाजूंना खाली उतरतात, कानशिलाजवळ तर जवळजवळ कातडीला टेकून असतात. वर दिसतो तोच कल खाली मुळाचाही असतो. साहेबांनी समजावले की सुरी कातडीवर सरळ उभी धरली तर तिरकी मुळे मधोमध कापली जातात, आणि सुरी केसांच्या कलाप्रमाणे तिरकी धरली तर ती दोन मुळांच्या मधून जाते. त्यानंतर ते अधूनमधून मला विचारत. गट ड मधल्या माणसाला इतक्या मोठ्या सर्जनने त्याच्या धंद्यातले विचारावे, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

त्यांनीच दुसरी अडचणही दाखवली. डोक्याच्या कातडीतून रक्त फार वाहते, कारण तिथल्या शिरा घट्ट धाग्यांत अडकलेल्या असतात आणि कापल्यावर हातापायावरच्या शिरांसारख्या आकसत नाहीत. म्हणून कडांना प्लास्टिकच्या क्लिपा लावतात आणि विजेच्या चिमट्याने शिरा बंद करतात. हा चिमटा कातडीच्या कडेला जास्त फिरला की मुळे भाजतात. क्लिपा तासन् तास राहिल्या तर कडेचे रक्त अडते. टाका फार आवळला तरी तेच. रक्त थांबवणे भागच असते, त्याला इलाज नाही. पण तितके थांबवून कडेची मुळे राखणारे हात मी पाहिले आहेत आणि त्यांच्या रुग्णांची डोकी आज माझ्या मुलाच्या खुर्चीत ओळखू येतात.

लहान मुलांच्या डोक्यावर नागमोडी छेद घेतात, तोही मी पाहिला. कवटीचे सांधे लवकर जुळलेल्या बाळांना एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कापावे लागते. ती रेषा सरळ असली की पुढे केस ओले झाल्यावर बरोबर तिथे भांग पडल्यासारखी दिसते. नागमोडी असली तर वरचे केस खालच्या वळणावर पडतात आणि पोहून आलेल्या मुलाच्या डोक्यावरही ती लवकर सापडत नाही. ओल्या केसांचे वागणे आम्ही दिवसभर बघतो, म्हणून या युक्तीचे मोल मला चटकन कळले.

आता जे केस जातात पण परत येतात, त्यांच्याविषयी. टाक्यांच्या दोन्ही बाजूंचे केस काही आठवड्यांत गळतात. तिथली मुळे जिवंत असतील तर तीन ते सहा महिन्यांत केस पुन्हा दिसू लागतात. दुसरा प्रकार सगळ्या डोक्याचा. मोठे ऑपरेशन, भूल, ताप, उतरलेले वजन यांच्या धक्क्याने पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळतात. तोवर माणूस घरी गेलेला असतो. ऑपरेशनशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही; पाणी बदलले, शॅम्पू बदलला, कुणाची दृष्ट लागली, असे चालते. हे गळणे आपोआप थांबते आणि केस येतात. गाठीच्या रुग्णाला नंतर किरणोपचार दिले तर त्या भागातले केसही जातात. ते परत येणार की विरळ राहणार हे मात्र किरणांच्या मात्रेवर असते, तिथे डॉक्टरांनाच विचारावे.

आणखी एक प्रकार असा की त्यात डोक्याला सुरी लागलेलीच नसते. दुकानात एक गृहस्थ आले, हृदयाचे बायपास झालेले. डोक्याच्या मागे, उशी टेकते तिथे, गोल टक्कल. घरचे म्हणाले चाई लागली, आणि त्यांचा कंगवा वेगळा ठेवला. मी विचारले, ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे दुखत होते का, ओलसर वाटत होते का? म्हणाले, हो, दुखत होते, पण छातीच्या दुखण्यापुढे त्याकडे कोण बघतो. ती चाई नव्हती. कित्येक तास डोके एकाच जागी टेकून राहिले, पुढे अतिदक्षता विभागातही तसेच राहिले, की दाबामुळे तिथले रक्त अडते आणि महिन्याभरात तेवढ्या जागेचे केस जातात. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम सांगायच्या की अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६० मध्येच बायकांच्या ऑपरेशननंतर पडणाऱ्या अशा टकलाविषयी लिहून ठेवले आहे. त्या स्वतः लांबलेल्या ऑपरेशनमध्ये मधून मधून रुग्णाचे डोके उचलून थोडे फिरवायच्या आणि खाली जेलची गादी घ्यायच्या. एवढ्याने बहुतेक वेळा हे टळते. बहुतेकांचे केस परतही येतात, पण दाब फार झाला आणि जागा काळी पडून खपली धरली, तर तिथे व्रण होतो आणि टक्कल कायमचे राहते.

आता वस्तऱ्याविषयी लिहितो, कारण तो माझ्याच हातात होता. पूर्वी समजूत अशी की केस म्हणजे घाण, ते मुळापासून काढले की जखम स्वच्छ राहते. आदल्या संध्याकाळी डोके तुळतुळीत करायचे, सकाळी ऑपरेशन. पण वस्तरा कितीही हलका चालवला तरी कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. कॅनडातल्या कॅलगरी शहरात दोघा अभ्यासकांनी दहा वर्षे साठ हजारांवर जखमांच्या नोंदी ठेवल्या आणि १९८० मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. स्वच्छ जखमांत, वस्तऱ्याने केस काढलेल्यांना पू होण्याचे प्रमाण, केस न काढलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे की केस काढूच नयेत, काढणे अगदीच गरजेचे असेल तर मशीनने कापावेत, वस्तरा कधीही वापरू नये. मेंदूच्या ऑपरेशनसाठीही पुष्कळ सर्जन आता फक्त छेदाच्या रेषेवरची बोट-दीड बोट पट्टी काढतात. काही जण तेवढीही काढत नाहीत. जंतुनाशक औषधाने आदल्या रात्री आणि सकाळी केस धुऊन घेतात, रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक वेण्या घालतात आणि मधल्या भांगात छेद घेतात. अशा वेण्या घालायला आमच्या वॉर्डातल्या मावशींचा हात एकदम सराईत होता.

आणि पू झाला की रेषा रुंद होते, हे वर लिहिलेच आहे. म्हणजे वस्तऱ्याचा आणि कायमच्या टकलाचा संबंध इथे लागतो. आमच्याकडे नंतर मशीन आले. पण त्याची एकदाच वापरायची पाती संपली की मागणीपत्र जायचे, ते वर फिरत राहायचे आणि तोवर पुन्हा वस्तरा. वस्तऱ्याचे पाते पैशात मिळते, मशीनचे पाते महाग, हा हिशेब मला माहीत आहे. पण पू झालेला एक रुग्ण वॉर्डात किती दिवस राहतो आणि त्याला काय काय औषधे लागतात, तोही हिशेब कुणीतरी त्याच कागदावर मांडावा.

बायकांचे डोके करताना वॉर्डात जे चालते त्यावर मला जरा थांबायचे आहे. आपल्या महाराष्ट्रात बाईचे डोके करणे याला एक जुना, कडवट अर्थ आहे. विधवांचे केशवपन करायला आमच्याच लोकांना बोलावत. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आमच्या नाभिक बांधवांनी हे काम करणार नाही असा निर्धार केला. आमच्या घरात ही गोष्ट मोठ्या आदराने सांगितली जाते. प्रथा गेली, पण मनातली भीती गेली नाही. पडून डोक्यात रक्त साकळलेल्या म्हाताऱ्या बाया यायच्या. त्यांना कवटीला दोन भोके पाडून ते रक्त काढायचे असते, त्यासाठी दोन लहान छेद पुरतात. एका आजींनी माझा हात धरून सांगितले होते, ‘‘मालक जित्ता हाये माझा, डुई नका करू.’’ मालक बाहेर बाकड्यावर बसलेले. त्या आजींना आधी कुणी शांतपणे सांगितले असते की दोनच जागा भादरायच्या आहेत, तर त्या रात्रभर रडल्या नसत्या. पडदा न ओढता, भर वॉर्डात, दहा जणांसमोर बाईचे डोके करणे तर मला कधीच पटले नाही. पडदा असावा, घरातली एक बाई जवळ असावी, कापलेले केस कचऱ्यात न टाकता मागितल्यास हातात द्यावेत.

बाळांचेही तसेच. डोक्यात पाणी झालेल्या तान्ह्या बाळाला नळी टाकतात, तेव्हा कानामागे आणि वर छेद येतो. पुष्कळ बाळांचे जावळ तोवर झालेले नसते. मामाच्या मांडीवर बसवून, ओवाळून काढायचे ते केस वॉर्डात काढायची वेळ येते. मी विचारून घ्यायचो. मामा हजर असेल तर त्याच्या मांडीवरच बाळ घ्यायचो, आणि केस कागदात बांधून आईकडे द्यायचो, म्हणजे घरी जाऊन रीत करता येते. अशा बाळाची रेषा डोके वाढेल तशी वाढते आणि रुंदावते, हे आईबापांना आजच सांगितलेले बरे. नाहीतर शाळेच्या वयात ती पट्टी दिसू लागली की त्यांना वाटते नळी बिघडली.

केसांची काळजी हे नवे फॅड आहे असे कुणी म्हणेल, म्हणून एक सांगतो. आमच्या गावच्या वैद्यांनी मला दाखवले की सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणावरचे ६० उपक्रम दिले आहेत. छेद घेणे, शिवणे, शोधन म्हणजे जखम साफ करणे, रोपण म्हणजे ती भरून आणणे, हे सगळे आहेच, आणि शेवटाकडे भरलेल्या व्रणाचा रंग आजूबाजूच्या कातडीशी जुळवणे आणि त्यावर पुन्हा केस आणणे, रोमसंजनन, हेही त्यांत मोजले आहे. त्या काळचे लेप आज लावा असे मी मुळीच म्हणत नाही. पण इतक्या जुन्या शस्त्रवैद्याने केस परत येईपर्यंतची जबाबदारी व्रणाच्या उपचारातच धरली होती, हे आजच्या डिस्चार्ज कार्डात यायला हवे.

लेपांवरून आठवले ते माझ्या धंदेबंधूंसाठी आणि घरोघरच्या आज्यांसाठी. टाक्यांच्या रेषेवर कांदा, लसूण, लिंबू घासू नका. बिब्बा तर चुकूनही नको. त्याने कातडी भाजून फोड येतात आणि होती ती मुळेही जातात. व्रणात मूळच नसेल तर कुठल्याही तेलाने केस उगवत नाही, महागड्या औषधी पाण्यानेही नाही. सलूनवाल्यांनी डोक्यावर खूण दिसली की आधी विचारावे, हाड बसवलेय का? हाड नसलेल्या जागी फक्त कातडी आणि खाली मेंदू असतो. तिथे चंपी, दाब, मशीनचा ठोका, काहीही चालत नाही. मसाज झाल्यावर मान कडाकड मोडायची सवय तर सगळ्यांच्याच बाबतीत बंद व्हावी. मानेतली रक्तवाहिनी फाटून अर्धांगाचा झटका येऊ शकतो. छेदाच्या मागच्या भागाला पुष्कळदा बधिरपणा असतो, गिऱ्हाइकाला चटका किंवा काप लागला तरी कळत नाही, म्हणून गरम हवेचे यंत्र लांब धरावे. जखम पूर्ण बुजल्याशिवाय कलप लावू नये. आणि खूण असलेल्या बाजूला मशीन बारीक न लावता वरचे केस दोन-अडीच इंच ठेवले, भांग उलटा केला, तर निम्म्याहून अधिक खुणा झाकल्या जातात. इतके साधे काम आहे, पण कुणी हाताने वळवून दाखवले तरच त्या माणसाला पटते.

बायकांना गंगावन लावून अंबाडा घालता येतो, फक्त त्याच्या पिना व्रणाच्या कडेच्या केसांत खोचू नयेत, ओढ बसून ते केसही जातात. ज्यांना याहून पुढे जायचे आहे त्यांनी प्लास्टिक सर्जनना भेटावे. रुंद व्रण कापून पुन्हा बारीक शिवता येतो. मोठी उघडी जागा असेल तर शेजारच्या केसाळ कातडीखाली फुगा ठेवून, ती हळूहळू वाढवून, त्या जागेवर ओढून घेता येते. केसांचे रोपणही व्रणावर होते, पण व्रणात रक्त कमी पोचत असल्याने चांगल्या कातडीइतके केस तिथे धरत नाहीत, आणि व्रण पिकायला साधारण वर्षभर थांबावे लागते. इथे माझी काळजी वेगळीच आहे. तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा आता केस रोपणाचे फलक लागले आहेत आणि आमच्यातली काही होतकरू पोरे महिना-दोन महिने शिकून तिथे सुया धरतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावले आहे की हे काम नोंदणीकृत, प्रशिक्षित डॉक्टरांचे आहे. ज्या डोक्याचे एकदा ऑपरेशन झाले आहे, ज्यात नळी आहे किंवा जोडलेले हाड आहे, त्यावर तर मेंदूच्या सर्जनना विचारल्याशिवाय कुणी सुईसुद्धा लावू नये. हा खर्च बहुधा सौंदर्योपचारात धरतात आणि तो रुग्णाच्या खिशातूनच जातो. अपघातात अर्धे डोके उघडे पडलेल्या मुलीच्या बाबतीत याला सौंदर्य म्हणणे मला पटत नाही.

रुग्णालयांनी काय करावे हे सांगण्याचा माझा अधिकार लहान आहे, तरी लिहितो. संमतीपत्रावर सही घेताना केस किती काढणार आणि कायमची खूण कुठे राहील, हे मराठीत लिहावे आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला आरशात बोटाने रेषा दाखवावी. केस पेपरवर ‘संपूर्ण डोके’ असा शिक्का न मारता छेद घेणाऱ्या सर्जनने स्वतः जागा आखून द्यावी. केस ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, मशीनने काढावेत आणि पाती कधीच संपू देऊ नयेत. घरी पाठवताना कार्डावर दोन ओळी असाव्यात, कुठले केस कधी येतील आणि कुठले येणार नाहीत. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही.

आपण आपल्या पुरवणीत एखाद्या मेंदूशल्यविशारदाकडून आणि एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून या विषयावर सोप्या भाषेत एक पान लिहून घ्यावे, ही विनंती. मी लिहिलेल्यात काही कमी-जास्त असेल तर ते दुरुस्त करतील. ते पान आले की आमच्या तालुक्यातल्या सलूनमध्ये आरशाशेजारी लावण्याचे मी आमच्या धंदेबंधूंशी बोलून ठेवले आहे. प्रती काढण्याचा खर्च माझा.

पत्रासोबत नाव-पत्ता दिला आहे, पण तो छापू नये. त्यावरून जुने रुग्णालय आणि रुग्ण ओळखू येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त रुग्णालयीन न्हावी, जि. सातारा